बोळक्यातली पिल्लं

मी मुनिया बोलतेय. पावसाळ्यात लालभडक होतो तो आमच्यातला नर. मी आपली मातकट. चोच आणि शेपटीचं मूळ तेवढं तांबडं. तुमच्या मुठीत मावेन एवढीशी आहे मी. ऐकून घ्या, बाबांनो. आज अंगात बोलायचं बळ आहे, उद्याचं माहीत नाही.

नांदेडजवळ आसना नदीच्या काठी गवतात मी जन्मले. एका सकाळी फासेवाल्याच्या जाळ्यात आमचा सगळा थवा अडकला. बाजारात एकाच टोपलीत आम्हाला कोंबलं होतं. खालच्या गुदमरून मेल्या. तिथून एका बाईनं मला आणि एका नराला उचललं. तिचं नाव सौदामिनी. तिचा नवरा रेणुकादास शाळेत मास्तर होता. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, कस्तुराबाई.

"अंगणात चिमण्या काय कमी हायत, म्हणून ह्या इकत आणल्या?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, ह्यांची पिल्लं काढायचीत मला."

"पिंजऱ्यात कुठं पिल्लं होतेत का, येडे!"

सौदामिनीनं पिंजऱ्यात मातीचं एक बोळकं आडवं बांधलं आणि आत वाळलं गवत टाकलं. आम्ही दोघांनी ते रचून घेतलं, त्यात कापूस भरला. मी अंडी घातली. पण शेजारणी रोज वाकून बघायच्या, पोरं काड्या घालायची. आम्ही घाबरून अंड्यांवर बसणंच सोडलं. ती थंड पडली.

पुढच्या खेपेला तिनं पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी गोणपाट लावलं. पिल्लं निघाली. तिनं मऊ भात दिला, भिजवलेले राळे दिले. मी ते भरवत गेले आणि पिल्लं खंगत गेली. शेवटचं गार झालं तरी मी त्याच्या चोचीत दाणा कोंबत होते. सौदामिनीनं ती पेरूच्या झाडाखाली पुरली. त्या दिवशी ती जेवली नाही.

रेणुकादास म्हणाला, "पाखरासाठी एवढं कुणी रडतं का?"

"पाखरासाठी नाही हो. माझ्या हातून मेली म्हणून."

मग एकदा पिंजरा झाडताना तिच्या हातात किडलेली काडी आली. काडीतून वाळवी सांडली आणि मी तिच्यावर तुटून पडले. सौदामिनी जागीच थबकली. "अगंबाई, हे पाहिजे होतं होय तुला!" तेव्हापासून परसात ओल्या गोणपाटाखाली ती वाळवी राखू लागली.

पुन्हा श्रावण आला. मी पुन्हा अंड्यांवर बसले. पण त्या वर्षी नांदेडात सगळं बदललं होतं. निजामाचा अमल डळमळत होता. हत्यारं घेतलेली माणसं गल्लीतून फिरायची. रेणुकादासाला शाळेतून थेट तुरुंगात नेलं होतं. शेजारच्या घरांना एकेक करून कुलपं लागत होती. लोक पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात पळून चालले होते.

खिडक्या लावलेल्या त्या अंधाऱ्या घरात माझी चार पिल्लं निघाली. उघडी, डोळे मिटलेली, नुसत्या चोची आ करणारी.

परसातही जायची सोय राहिली नव्हती. सौदामिनी उलथनं घेऊन स्वयंपाकघराची कुजकी चौकट खरवडायला बसली. आतली वाळवी वाटीत झाडून तिनं मला दिली.

"घर पोखरून पाखरं पोसून राहिलीस?" कस्तुराबाई म्हणाल्या.

"दुसरं काय आहे माझ्या हातात, आत्याबाई? तुरुंगात भाकरी पोचवता येत नाही. निदान ह्यांना तरी..."

कस्तुराबाई खाली बसल्या. त्यांनी चौकटीची दुसरी बाजू खरवडायला घेतली.

एका पहाटे बसवंत गाडीवान दारात आला. "बाईसाब, उठा. आज न्हाई निघालं तर मग काय खरं न्हाई. हदगावाकडून काढतो, नदीपल्याड सोडतो."

दोघींनी कपड्यांचं गाठोडं बांधलं. कस्तुराबाईंनी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. "हे राहू दे."

"दार लावून गेलो तर मरतील ती."

"आपण जगणार हाव का, ते तरी ठाऊक हाय का तुला?"

तरी सौदामिनीनं पिंजरा लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून मांडीवर घेतला. गाडी हिसके देत चालली. मी बोळक्यात पिल्लांवर पंख पसरून बसले होते. नर बोळक्याबाहेर पिंजऱ्याच्या काड्यांना धडका देत होता.

दुपारी बसवंतानं एकाएकी गाडी आडवाटेला घातली. पुढून माणसं येत होती. बैल झाडीत दडवून तिघं पिंजऱ्यासकट उभ्या ज्वारीत शिरली आणि चिखलात बसली. रस्त्यावरून घोड्यांच्या टापा ऐकू येऊ लागल्या.

आणि माझी पिल्लं ओरडायला लागली. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी त्यांना छातीखाली दाबलं. ती अधिकच ओरडली.

"गप कर त्यांना!" कस्तुराबाई पुटपुटल्या. सौदामिनीनं पिंजरा पोटाशी आवळला. तेव्हा म्हातारीनंच पिंजऱ्याचं दार उघडलं, मला बाजूला सारलं आणि बोळक्यात बोटं घातली. त्या बोटांनी काय करायचं ठरवलं होतं ते मला कळलं. मी जीव खाऊन त्यांना चोचीनं टोचत राहिले.

बोटं थांबली.

"गरम हायत गं," कस्तुराबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात बाहेर काढला. "न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

मग "गवतात वरडली तर रानातलीच वाटतेत," म्हणत त्यांनीच बोळक्याची दोरी तोडली. वाकून, जवळजवळ सरपटत, त्या ज्वारीच्या कडेच्या दाट गवतापर्यंत गेल्या आणि बोळकं तिथं खोचून आल्या. सौदामिनीनं पिंजरा उघडाच धरला होता. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "जा बाई. आता तूच बघ."

नर बाणासारखा सुटला. तो परत आला नाही. माझे पंख पिंजऱ्यात आखडले होते. धडपडत, पडत मी पिल्लांच्या आवाजाकडे गेले. त्यांच्यापाशी पोचले तेव्हा टापा लांब गेल्या होत्या. अंधार पडताना गाडीची चाकं वाजली. त्या दोघी नदीपार झाल्या का, रेणुकादास सुटला का, मला माहीत नाही. मला कोण सांगणार?

त्या रात्री धुवांधार पाऊस पडला. बोळक्यात पाणी शिरलं. खालची दोन पिल्लं बुडाली. पुढं तिसऱ्याला मुंग्या लागल्या. मी एकेक मुंगी टिपत होते, पण त्या संपेनात. वाळवी शोधायला गेले की मागं पिल्लू एकटं. त्याच्याजवळ बसले की त्याचं पोट रिकामं. झोप म्हणजे काय ते मी विसरले आहे. माझा डावा पंख आता उचलत नाही. फार लांब जाता येत नाही.

चौथं आहे. त्याला पिसं फुटलीत. कालपासून ते बोळक्याच्या तोंडाशी येऊन बसतं आणि बाहेर बघतं. उडता मात्र येत नाही अजून.

पश्चिमेला आभाळ पुन्हा काळंभोर झालंय. मला खायला मिळालं तर मी त्याला भरवीन; नाही मिळालं तर नुसती त्याच्यावर बसून राहीन.

तुम्ही माणसं गावोगाव फिरता. वऱ्हाडात कुठं नांदेडहून आलेली सासू-सून भेटली, तर त्यांना सांगा, एक जगलंय. मी बोलले तेव्हा ते जिवंत होतं. पुढचं विचारलं, तर माहीत नाही म्हणा.