पट क्रमांक एकतीस

दुसाने बाईंनी सोमवारी नोंदवहीत जे लिहिलं, ते मंगळवारी सहावीच्या मुलांना लागू झालं.

खरं तर बाईंनी स्वतःचं असं काहीच लिहिलं नव्हतं. मूल्यशिक्षणाचा तास त्या अपूर्णांकांना देत. "माया काय फळ्यावर शिकवायची असते?" असं त्या म्हणत. मुलंही त्या तासाला शिकवणीचा गृहपाठ उरकत, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. पण प्रत्येक मुलाच्या स्वभावाची नोंद करावीच लागते. त्यासाठी चाळीस तयार वाक्यांचं पुस्तक बाजारात मिळतं. बाईंनी पटाच्या क्रमाने वाक्यं उतरवून काढली आणि हुश्श केलं.

एकतीस, ओवी बोरसे : नेहमी हसतमुख असते.

बत्तीस, वैदेही गिरासे : इतरांचे दुःख आपले मानते.

गुरुवारी ओवीची आई गेली. तेरावं झाल्यावर ओवी शाळेत आली ती हसत.

"बाई, मला रडूच येत नाहीये," ती हसतच म्हणाली. "आत्या म्हणते, पोरीला आईची मायाच नव्हती. होती ना, बाई."

बाईंनी नोंदवही काढली. त्यांनी नोंद खोडायला घेतली, तर रेघ वाक्याला चुकवून खाली सरकली. मुख्याध्यापक बशीत चहा ओतत म्हणाले, "नोंदी वर गेल्या, बाई. आता एप्रिलात बघू." नवं लिहायला जावं, तर हातातून पुस्तकातलीच वाक्यं उतरत. बाईंनी पुस्तक दोनदा चाळलं. त्यात रडण्याचं वाक्यच नव्हतं.

त्या दिवशी मूल्यशिक्षणाच्या तासाला त्यांनी पहिल्यांदाच अपूर्णांक पुसले.

"ओवी, आईबद्दल सांग."

"वेणी घालताना ती कंगवा दातात धरायची," ओवी हसत म्हणाली. "तसंच बोलायची. मला सगळं कळायचं."

शेजारी बसलेली वैदेही रडू लागली. तिने ओवीची आई कधी पाहिलीही नव्हती. तिची वही भिजली, बाक भिजला. बाकीची मुलं गृहपाठ करत होती.

ओवी बोलायची थांबली.

"बाई, ही माझं रडतेय. हिला थांबवा ना. संपून जाईल."

"वैदेही, पुरे गं."

"मला थांबता येत नाही, बाई."

तेव्हा ओवी खाली गुडघ्यांवर बसली आणि हसत हसत तिने वैदेहीच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.