दही-साखरेमुळे हुकलेला गुरुवार

सहा वर्षांच्या चिमाला उपाशी राहायला शिकवणं हे माझ्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीतलं अगदी सोपं काम निघालं. तिच्या घरच्यांना शिकवता शिकवता मात्र माझ्या नाकी नऊ आले.

चिमाच्या घशातल्या गाठी दर महिन्याला सुजत आणि ताप चढे. रत्नागिरीचे डॉक्टर त्या गाठी काढणार होते, पण असली कामं ते फक्त गुरुवारी करत. बाप गंगाराम मुंबईला बोटीवर खलाशी. पोरीजवळ राहायचं म्हणून तो रजा काढून आला होता आणि शनिवारच्या आगबोटीने त्याला परतणं भाग होतं. आई गोदा बाळंतीण, त्यामुळे घर आत्या येसूबाईच्या हातात. मी शेजारचा पेन्शनर मास्तर. पोरीला समजावायचं काम माझ्याकडे आलं.

अंगणात मी भरलेला तांब्या आडवा केला. पाणी सांडलं. मग रिकामा आडवा केला.

"आता काय सांडलं?"

"काहीच नाय."

"भूल दिल्यावर तूही अशीच आडवी होणार. पोटात काही असलं तर ते वर येऊन श्वासाची वाट अडवेल. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर काही नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही."

"आणि चुकून खाल्लं तर?"

हा प्रश्न तिचा. मला सुचला नव्हता. "तर डॉक्टरांना सांगायचं. कोणी रागावलं तरी."

चार दिवस ती बाहुलीला उपाशी ठेवून भूल देत होती. इकडे येसूबाई माझा जीव खात होती.

"मास्तर, पहाटे वाटीभर पेज तरी?"

"नाही."

"मग शहाळ्याचं पाणी? ते काय जेवणात धरतात होय?"

"पाणीसुद्धा नाही म्हटलं ना!"

"ते तुम्ही विहिरीचं म्हणालात."

मी कपाळावर हात मारून घेतला.

गुरुवारी उजाडल्यापासून मी त्यांच्या पडवीत ठाण मांडून बसलो. चिमाने दोनदा पाणी मागितलं, दोन्ही वेळा आपणच "नको, नको" म्हणाली. बैलगाडी आली का ते बघायला मी उठलो, तेवढंच. गाडी निम्म्या वाटेवर गेली तेव्हा तिच्या ओठाच्या कडेला पांढरं दिसलं.

"हे काय गं?"

"आत्याने हातावर दही-साखर घातली. चाट म्हणाली."

"मग?" येसूबाई म्हणाली. "एवढ्या मोठ्या कामाला निघालेलं पोर तसंच उंबऱ्याबाहेर काढू? ते काय खाणं झालं? शकुन तो!"

"बाई, पोटाला शकुन कळत नाही!"

गंगाराम पोरीकडे वाकला. "चिमा, डॉक्टरांपुढे गप्प राहायचं हां. बोटभर तर दही. मला शनिवारी जायचंय."

"गंगाराम, मी सांगणार आहे त्यांना," मी म्हणालो.

"पोर माझी आहे, मास्तर."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय?"

"नाही," गंगाराम म्हणाला.

मी तोंड उघडणार तोच चिमा बोलली, "दही खाल्लं. साखर पण. आत्याला रागावू नका."

डॉक्टर गंगारामला म्हणाले, "पुढच्या गुरुवारी आणा."

गंगाराम बाहेर पायरीवर बसला. मग पोरीला मांडीवर ओढून मला म्हणाला, "मी नसेन तेव्हा. शुद्धीवर आली की त्याच दिवशी पत्र टाका."

"टाकतो. आणि येसूबाई, पुढच्या वेळी दह्याचं भांडं माझ्या घरी ठेवायचं."

"छे! दही घातल्याशिवाय मी पोर बाहेर पाठवायची नाही."

"मग ते माझ्या हातावर घाल. मी सोबत असणारच आहे. मी खातो तिच्या वाटचं."

येसूबाई विचारात पडली. शकुनात हे बसतं की नाही, याचा तिने बराच हिशेब केला असावा. "चालेल," शेवटी ती म्हणाली. "पण सगळं चाटून खायचं. उष्टं ठेवायचं नाही."

चिमाने माझा सदरा ओढला. "आजोबा, पण खाल्लंत की डॉक्टरांना सांगायचं हां."