फेसातल्या चादरी

नळाला सील लागलं तेव्हा ताईच्या लाँड्रीतली दोन्ही मोठी मशिनं भरलेली होती. एकशे चाळीस चादरी, सगळ्या हॉस्पिटलच्या, सगळ्या साबणात. खळबळायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

पाणीखात्याच्या माणसाने तार आवळली आणि म्हणाला, "सांडपाण्याला गाळणटाकी नाही तुमच्याकडे. नियम येऊन चार महिने झाले."

"मला कुणी काही कळवलं नाही."

"पत्र गेलं होतं की. लाँड्रीवाल्यांच्या संघटनेकडे."

 ताई संघटनेत नव्हती.

वय पंचावन्न, कमरेला पट्टा, बोटं कायमची सुरकुतलेली. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून लाँड्री चालवत होते. संघटनेच्या सभेला ती एकदाच गेली होती. दोन तास बसली आणि दोन तासांत ठरलं एवढंच, की पंखा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा यावर पुढच्या सभेत बोलायचं. घरी येऊन ती भावाला म्हणाली होती, "नुसती चहाची वाफ. त्यापेक्षा आपल्या इस्त्रीची बरी, कपडे तरी सरळ होतात."

आता ती पाणीखात्याच्या कचेरीत धावली. कारकुनाने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं. परत येते तो हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंचा फोन. उद्या सकाळी चादरी हव्यातच. मशिनांची झाकणं उघडली तर आंबूस वास यायला लागला होता.

"फायलीकाकांकडे जाऊ या," भाऊ म्हणाला.

"कुठल्या तोंडाने?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणायचं?"

फायलीकाका म्हणजे संघटनेचे सेक्रेटरी. मागच्या रस्त्यावर त्यांची स्वतःची छोटी लाँड्री. काखेत सदा फाईल, म्हणून हे नाव. ताई पोचली तेव्हा ते उभ्या उभ्या जेवत होते. ती सभासद आहे की नाही हे त्यांनी विचारलंच नाही.

"चादरी किती?"

"एकशे चाळीस."

"साबणात?"

"साबणात."

उष्ट्या हाताने त्यांनी एक फोन लावला, दोन वाक्यं बोलले आणि म्हणाले, "कोपऱ्यावर न्या. तो दोन मशिनं मोकळी करतोय."

ताईचा चेहरा पडला. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याशी ती पाच वर्षं बोलत नव्हती. हॉटेलचं काम त्याने तिच्या हातचं पळवलं होतं. पण अडला हरी, काय करणार? भावाने चादरी पिळून टेम्पोत भरल्या. पाणी गळत गळत दोघं कोपऱ्यावर पोचले.

"मशिनं तुमची आजच्यापुरती," कोपऱ्यावरचा म्हणाला. "पण उभं तुम्हीच राहायचं. माझी माणसं दमलीत."

"मीसुद्धा दमलेय."

"मग ते स्टूल घ्या."

चादरी फिरत होत्या. बऱ्याच वेळाने ताईने विचारलं, "हॉस्पिटलचं कामही घेता आलं असतं तुम्हाला. का नाही घेतलंत?"

त्याने मशिनचं झाकण दाबून पाहिलं. मग म्हणाला, "मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? पण माझी टाकी तरी कुठे पुरी झालीय? काकांनी आम्हा एकतीस जणांना सहा महिन्यांची मुदत मिळवून दिली, म्हणून माझ्या नळाला पाणी आहे. यादीत नाव नसतं तर मीही तुमच्यासारखाच."

चादरी सकाळी वेळेवर गेल्या. सील मात्र तसंच होतं. ताईने सभासदत्वाचा फॉर्म भरला आणि काकांबरोबर कचेरीच्या बाकावर जाऊन बसली. पहिल्या दिवशी साहेब बैठकीत होते. दुसऱ्या दिवशी रजेवर. काका भिंतीला डोकं टेकून डुलक्या घेत; कुणी दार उघडलं की पटकन जागे होत आणि पुन्हा डोळे मिटत. ताईला त्यांच्यावर हसू आलं नाही. आपणही तसंच पेंगतोय, हे तिच्या लक्षात आलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी काकांपुढे खुर्ची सरकवली आणि यादी पाहिली.

"एकतीस होते. ही बत्तिसावी कुठून आली?"

"उशिरा आली साहेब," काका म्हणाले. "पण आली."

साहेबही थकलेलेच दिसत होते. त्यांनी सही केली.

संध्याकाळी नळ सुटला. भाऊ पेढे आणू का म्हणाला, तर ताई म्हणाली, "मला झोपू दे."

नळ सुटल्याचा आनंद तिला कधी झालाच नाही. चार दिवसांनी मात्र ती काकांकडे गेली. "माझा अर्ज त्यांनी नुसता शिक्का मारून ठेवला. तुमच्यासाठी साहेबांनी खुर्ची पुढे केली. असं का?"

"माझ्यासाठी नाही. माझ्यामागच्या एकतीस सह्यांसाठी." काकांनी गुडघा चोळला. "कचेरीचे तीन मजले चढवत नाहीत आता मला. गुडघ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. पाय बरा होईपर्यंत कुणीतरी जायला हवं."

ताईला नाही म्हणायचं होतं. लाँड्री, भाऊ, स्वतःची कंबर, सगळी कारणं तयार होती. काकांनी फाईल टेबलावरून तिच्याकडे सरकवली, आणि ताई नुसती फाईलकडे बघत राहिली. मग उचलली. वाटलं होतं त्यापेक्षा जड निघाली.

महिन्याभराने एका तरुण नवरा-बायकोच्या लाँड्रीला सील लागलं. यादीत त्यांचंही नाव नव्हतं. ताई त्यांना घेऊन जिने चढली, प्रत्येक मजल्यावर थांबत. बाकावर बसल्यावर त्या मुलीने रडवेल्या आवाजात विचारलं, "किती वेळ लागेल हो ताई?"

"माझ्या वेळी तीन दिवस लागले होते," ताई म्हणाली. "डबा आणलाय ना?"