फेब्रुवारीतल्या अकरा फुल्या

मी एक जुनी दिनदर्शिका आहे, मित्रांनो. गेल्या वर्षीची. घरात मात्र सगळे मला कॅलेंडरच म्हणत.

छापखान्यातून निघाले ती थेट भोसरीतल्या एका भाड्याच्या घरात, ओट्याशेजारच्या खिळ्यावर. सिलिंडर कधी लावला, पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, सगळं माझ्याच अंगावर लिहिलं जाई. एक जानेवारीला समाधानरावांनी लिहिलं, 'आजपासून रोज चालणे.' दोन तारखेपासून त्या विषयावर अक्षर नाही. चार ऑगस्टला त्यांच्या बायकोने, अंजलीने, लाल पेनाने लिहिलं, 'चाकण, कंपनी, पहिला दिवस.' समाधानरावांच्या आई कस्तुराबाई यांना लिहिता येत नसे. त्या पेन्सिलीने फुली मारत. कशाची फुली, ते त्यांनाच ठाऊक.

वर्ष संपलं. माझ्या खिळ्यावर नवी गुळगुळीत दिनदर्शिका आली आणि मला दुमडून फडताळात तेलाच्या डब्याखाली घातलं. एवढी माहिती पोटात, आणि काम काय, तर गळकं तेल पिणं.

या फेब्रुवारीत नऊ वर्षांची स्वरूपा शिंकू लागली. सकाळी उठली की सुरू. मी डब्याखालून शिंका मोजत असे. एकदा ओळीने चौदा झाल्या. मग डोळे लाल, आणि छातीत शिट्टी वाजायची.

कस्तुराबाईंचा निकाल तयार होता. "रंगाच्या खात्यात काम करतीस. ती पावडर अंगावरनं घरात येती. तू कामाला लागायच्या आधी पोरीला कधी काय झालं न्हाई."

"आई, मी कपडे कंपनीतच बदलते."

"आन केस? केस पण बदलतीस व्हय?"

समाधानराव मोबाइलमध्ये बघत राहिले. घरात वाद झाला की त्यांना हवामानाचा अंदाज फार महत्त्वाचा वाटतो.

मार्चमध्ये अंजली नोकरीत कायम होणार होती. तरी शिट्टी ऐकून तिने राजीनामा लिहिला. सोमवारी द्यायचा ठरला.

शनिवारी ती स्वरूपाला घेऊन दवाखान्यातून परतली. "डॉक्टरीणबाई विचारत होत्या, गेल्या वर्षीही याच दिवसांत असं झालं होतं का. आता कुणाला आठवतंय?"

"आजी फुली मारते ना, मला वाफ दिली की," स्वरूपा म्हणाली.

कस्तुराबाईंनी डबा उचलला, मला उलगडलं. फेब्रुवारीत अकरा फुल्या. मार्चमध्ये चार. आणि अंजलीची लाल ओळ ऑगस्टात, पाच पानं पुढे.

त्यांनी एकेका फुलीवर बोट ठेवलं. 'ह्या पाणी आलं न्हाई त्याच्या फुल्या' म्हणाल्या असत्या, तर कुणी वाद घातला नसता. मी कागद. मी काय बोलणार?

"अंजली, हे बघ," त्या म्हणाल्या. "ह्या वाफेच्या हायत. तवा तू घरीच हुतीस. मी इसरले गं."

सोमवारी अंजली राजीनामा न देताच कामावर गेली. संध्याकाळी मला पिशवीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी माझी तेलकट पानं उलटली.

"आजी, अंथरुणं कुठे वाळत घालता?"

"ग्यालरीत. रोज सकाळी. उन्हानं रोग जातो."

"समोर झाड कोणतं?"

"वावळाचं."

"मग बहुतेक तेच. या दिवसांत ते फुलतं. कोरड्या वाऱ्याने परागकण उडतात, गोधडीवर बसतात, आणि नात त्यातच नाक खुपसून झोपते. महिनाभर अंथरुणं घरातच ठेवा, सकाळी वारा असला की खिडकी लावा, फरशी ओल्या फडक्याने पुसा. औषध चुकवू नका."

"म्हंजी मीच रोज झटकून, घडी घालून घरात आणत हुते," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. अंजलीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

आता स्वरूपा सकाळी दोन-तीनदाच शिंकते. शिट्टी थांबली आहे. कस्तुराबाई वाऱ्याच्या दिवसांची फुली नव्या दिनदर्शिकेवर मारतात, आणि तिच्या मागे, त्याच खिळ्यावर, मी आहे.

मित्रांनो, घरात कुणी आजारी पडलं, तर माणसावर बोट ठेवण्याआधी जुनी पानं उलटून बघा. आणि आम्हाला रद्दीत घालायची घाई करू नका. तेलाच्या डब्याखाली घालायला दुसरे कागद मिळतात. आमच्या घरी सध्या तिथे अंजलीचा राजीनामा आहे.