उगादीला ठरलेलं भाडं

घर अगदी शांत होतं. नवरा, शुभंकर, ऑफिसला गेलेला, माझा कॉल म्यूटवर, आणि तेवढ्यात वॉशिंग मशीनमध्ये काहीतरी टकटक वाजायला लागलं. माझ्या लेकीच्या, सिद्धीच्या फ्रॉकच्या खिशातला खडा. आठवड्याला एक तरी निघतोच. मी उठले, तेव्हा हॉलमध्ये ती काय करतेय ते दिसलं.

सोफ्याच्या उशा दोन रांगांत मांडून तिने व्हॅन केली होती. पुढे ती स्वतः, हातात ताटली धरून. मागे अस्वल, ससा आणि माझी उन्हाची टोपी.

"शू! उतार आला," ती सशाला म्हणाली. ताटलीखाली तिने किल्ली फिरवल्यासारखं केलं. "आता गाडी झोपली. कुणी हसायचं नाही. हसलं की ती जागी होते आणि डिझेल पिते."

मला हसूच आलं. दोन पावलं मशीनकडे गेले आणि परत फिरले.

"सिद्धू, गाडी कोण झोपवतं?"

"खंडोजीअण्णा. फ्लायओव्हरवर. आम्ही सगळे गप्प बसतो. शौर्य शिंकला ना, तर अण्णा म्हणाले, झालं, घोटभर प्यायली बघ!"

"रोज?"

"दसऱ्याच्या सुट्टीनंतर रोज," ती म्हणाली आणि अस्वलाचा पट्टा बांधायला लागली.

खंडोजी म्हणजे आमच्या येलहंक्याच्या सोसायटीतल्या अकरा मुलांना शाळेत नेणारे. त्यांचे पणजोबा बेंगळुरूत आले ते इथलेच झाले. घरात अजून मराठी आहे, पण कन्नड इतकं मुरलेलं की पुण्याहून आल्यावर पहिले सहा महिने मी नुसती मान डोलवायचे. त्यांची एक रीत आहे. वर्षाचं भाडं ते उगादीला सांगतात. आपल्या पाडव्यालाच. सकाळी प्रत्येक दारी येतात, कडुनिंब आणि गूळ हातावर ठेवतात, भाडं सांगतात आणि जातात. पुढच्या उगादीपर्यंत त्यात बदल नाही. डिझेल चढो, उतरो. मला ते गोड वाटलं होतं, गावाकडचं काहीतरी. त्यामागे हिशेब असतो आणि तो एकट्या त्यांच्या अंगावर पडतो, हे डोक्यात आलं नव्हतं.

यंदा एप्रिलपासून डिझेल चढतच गेलं. खंडोजी काही बोलले नाहीत, त्यामुळे आम्हालाही काही जाणवलं नाही. मग जुलैत सरकारने डिझेलवरचा कर तीन महिन्यांसाठी थांबवला. बातमी आली त्याच दुपारी पालकांच्या ग्रुपवर श्वेताने लिहिलं, "टॅक्स गेला तर व्हॅनचं भाडंही कमी व्हायला हवं ना? अंजली, तू लिही. तुझं मराठी चांगलं आहे, त्यांना बरं वाटेल."

आणि मी लिहिलं. सिद्धी अंघोळ करत होती तेवढ्या वेळात, बाथरूमच्या दाराशी बसून. 'सरकारने दिलेल्या सवलतीचा लाभ मुलांच्या पालकांपर्यंत पोहोचावा, ही नम्र विनंती.' नम्र विनंती! श्वेताने टाळ्यांची रांग पाठवली. कर तीन महिन्यांसाठी थांबलाय हे मी लिहिलं होतं. भाडं तीन महिन्यांसाठी कमी करा, असं मात्र लिहिलं नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. खंडोजींचं उत्तर एका कन्नड शब्दाचं होतं, 'बरं' अशा अर्थाचं. "सरी."

त्या महिन्यापासून त्यांनी भाडं कमी घेतलं. ऑक्टोबरात कर परत लागला. ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

उशांच्या व्हॅनचा तो खेळ बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धीला व्हॅनमध्ये बसवलं आणि मी ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले.

"अण्णा, दोन मिनिटं."

"बोला अक्का. सिद्धम्मा डबा विसरली काय?"

"फ्लायओव्हरवर इंजिन बंद करता तुम्ही?"

ते आरसा पुसत होते, पुसतच राहिले. "लेकरू बोललं व्हय? सरी. लेकरांनी बोलावंच."

"इंजिन बंद असलं की ब्रेक घट्ट होतो, स्टेअरिंग जड होतं. माहितीये ना तुम्हाला?"

"तीस वर्सं चालवतोय. ठाऊक न्हाई कसं? स्वल्पच, उतारापुरतं."

"मग का करता?"

"बंकवर जाऊन बघा की!" इथे पंपाला बंक म्हणतात. "कर गेला तवा पहिला आठवडा उतरलं खरं. बंकवरची पोरं सुदीक हसून बोलत हुती. मग रोज स्वल्प स्वल्प वर. श्रावण संपेस्तोवर हुतं तिथं आलं. आता कर बी परत बसला, त्याच्यावर. तुमचं भाडं मातर उतरलं ते उतरलं."

"अहो, मग वाढवा ना! सांगायचं आम्हाला."

"उगादीच्या आधी?" ते माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी व्हॅन उलटी चालवायला सांगितली. "चढत हुतं तवा बोललो का म्या? एकदा मोडलं, ते तुमच्यासाठी मोडलं अक्का. माझ्यासाठी मोडलं तर त्याला शब्द कोण म्हणंल?"

मागून शौर्य ओरडला, "अण्णा, लेट होतंय, मिस ओरडते!"

"तुझी मिस ओरडल, माझी तर घरी बसलीय, रोजच ओरडते," खंडोजी म्हणाले आणि अकरा पोरं खिदळली. मग आवाज उतरवून मला म्हणाले, "आजपासून बंद. खंडोबाची आण."

व्हॅन वळणापर्यंत दिसली. माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तरी साडेआठला, ती फ्लायओव्हरवर असेल त्या सुमाराला, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. खंडोबाची आण घेतली म्हणून डिझेल थोडंच उतरणार?

मी ग्रुपवर लिहिलं. दोन कॉलच्या मधल्या दहा मिनिटांत. कर परत आलाय, आपण भाडं आधीसारखं करू या, ते स्वतःहून मागणार नाहीत.

श्वेताचा लगेच मेसेज. "ते मागत नाहीयेत तर आपण का द्यायचं? त्यांना परवडत असेल म्हणूनच गप्प आहेत ना."

ध्रुवच्या बाबांनी लिहिलं, "आमच्याही कारला पेट्रोल लागतं हो. आम्हाला कोण सवलत देतंय?"

दोघीतिघींनी अंगठे दाखवले, माझ्या मेसेजला आणि श्वेताच्याही. मला इतका राग आला! आणि त्या रागात मला वाटलं, यांना खरं कळलं तर लाज वाटेल. मी लिहिलं, "परवडत नाही म्हणून ते फ्लायओव्हरच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडत होते. आपली मुलं आत असताना."

लाज कुणाला वाटली नाही. भीती वाटली.

कुणी विचारलं नाही की हे आपल्या भाड्यामुळे झालं का. आता त्यांनी बंद केलंय, हेही मी पुढे लिहिलं, पण तोवर वर चाळीस मेसेज चढले होते. पोलिसांत द्या. शाळेला कळवा. सोसायटीच्या गेटवर फोटो लावा. पोलिस नकोत, असं तेवढं मी भांडून थांबवलं. पाऊण तासात श्वेताने दुसऱ्या व्हॅनवाल्याशी बोलून सोमवारपासून ठरवलंही. त्याचं भाडं खंडोजींच्या जुन्या भाड्यापेक्षा जास्त होतं आणि त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही.

मला बरं वाटलं, हे लिहायला नको वाटतं. एका क्षणापुरतं, पण वाटलं. सोमवारी सिद्धी त्या उतारावर इंजिन चालू असलेल्या गाडीत असेल.

शुभंकर घरी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. "तू खरं तेच लिहिलंस," तो म्हणाला.

"हो."

"मग रडतेस कशाला?"

"जुलैत पण खरंच लिहिलं होतं रे."

खंडोजींना मी फोन केला. पद्मावतींनी, त्यांच्या बायकोने उचलला. ते गाडी धुताहेत म्हणाल्या. मागून पाण्याच्या नळीचा आवाज येत होता. "त्यांना श्वेता अक्कांचा मेसेज मिळाला," त्या म्हणाल्या. आणि पुढे, "तुमच्यावर राग न्हाई त्यांचा. त्यांनी सांगून ठेवलंय, अक्कांचा फोन आला तर सांग म्हणून." मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

शुक्रवारी ते शेवटचे आले. गेटपाशी मी उभी होते. त्यांनी हात वर केला, रोजच्यासारखा, आणि मुलं एकेक करून उतरवली. कुणालाच काही सांगितलं नसावं, कारण सिद्धी नेहमीसारखीच 'बाय अण्णा' म्हणून धावत आली.

म्हणून मग ते मलाच सांगावं लागलं. संध्याकाळी तिचे केस विंचरताना मी म्हटलं, "सोमवारपासून दुसरी व्हॅन येणार आहे हं तुझी. निळी."

"आणि अण्णा?"

"ते नाही येणार आता."

"सुट्टी आहे त्यांना?"

"नाही गं. आपल्याकडे नाही येणार."

तिने मान वळवली. कंगवा केसांत अडकला तरी ती 'आई गं' म्हणाली नाही. तिचा काहीतरी विचार चालला होता. अण्णांचं घर तिला माहीत नाही, ते रोज सकाळी फक्त आमच्या गेटवर उगवायचे.

"मग सोमवारी सकाळी उठून अण्णा कुठे जाणार?"