क्षितिज मिटलं तेव्हा

शरद सरत आला होता. सुवर्णतृणांचा तो अपार सागर मावळतीच्या ताम्रप्रकाशात मंद मंद उचंबळत होता. ना वृक्ष, ना वाट, ना कुंपण. वर निळं मौन, खाली पिवळं मौन, आणि दोन मौनांच्या मधोमध लोकरीच्या नमद्याचा एकुलता एक शुभ्र, वर्तुळाकार तंबू.

तंबूच्या दारात द्वारकाबाई उभ्या होत्या. माणदेशातल्या, मेंढपाळाच्या घरातल्या, शाळेत मुलांना शिकवता शिकवता केस पिकलेल्या. अनवाणी पोर होत्या, तेव्हा एका जुन्या कॅलेंडरावर त्यांनी मंगोलिया पाहिला होता. बाहेर माळ करपलेला, विहिरी तळाला गेलेल्या, आणि चित्रात मात्र क्षितिजापर्यंत हिरवं, ओलं, वाऱ्यानं वाकलेलं गवत. त्या क्षणी काळजात जे रुतलं, ते रुतलंच. चुलीपुढे बसून त्यांनी त्या देशाच्या नद्यांची नावं जपली, खरखरत्या रेडिओला कान लावून त्याची भाषा गोळा केली. नवरा हसला, गाव हसलं. त्या मात्र मनातल्या मनात त्या गवतातून चालत राहिल्या.

आणि आज तेच गवत पायाशी होतं.

"अक्का, मेंढरांतच राहायचं हुतं तर आपलं रान काय वाईट हुतं?" सोबत आलेली धाकटी बहीण चंपा शेगडीपाशी गुरफटून कुरकुरली. "अन् एकली कुठं निघालीस? आभाळ बघ की कसं झालंय!"

"हितंच, टेकाडापतूर. दिवस बुडताना बघून येते."

बाहेर तंबूची वृद्ध मालकीण, ओयुन, घोडीची धार काढत होती. तिनं उत्तरेकडे बोट दाखवलं, जोरजोरात मान हलवली. द्वारकाबाईंना सारं कळलं होतं. तरीही, न कळल्यासारखं हसून, त्या पुढे गेल्या. आयुष्यभर वाट पाहिलेल्या देशात कुणी थांब म्हणावं, हे त्यांना सोसवलं नाही.

टेकडीवर त्या पोचल्या आणि सूर्य बुडाला नाही. तो पुसला गेला.

उत्तरेकडून एक धूसर भिंत धावत आली. आधी वारा आला, सुरीसारखा. मग हिम आलं. फुलांसारखं नव्हे, फेकलेल्या वाळूसारखं. त्या मागे वळल्या. तंबू नव्हता. टेकडी नव्हती. स्वतःचे पाय नव्हते. पांढरं, पांढरं, सर्वत्र पांढरं. दिशाहीन, दयाहीन, मुखहीन पांढरं.

ज्या अथांगावर प्रेम केलं, त्या अथांगाला डोळेच नव्हते. आपण आलो हे त्याला ठाऊक नव्हतं. आपण संपलो तरी ते त्याला कळणार नव्हतं. हा विचार हिमाहून थंड होता. तो पाठीच्या कण्यातून हळूहळू, सर्पासारखा उतरत गेला.

हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. एवढ्या वर्षांचे जमवलेले शब्द त्या आठवू लागल्या; मदत, वाट, माणूस, घर. एकही आला नाही. सारी भाषा वाऱ्यानं भुशासारखी उडवून नेली होती. घशाच्या तळातून फुटला तो एकच, जन्माआधीचा आक्रोश:

"आये! आये गं!"

उत्तर नाही. पुन्हा हाक. पुन्हा पांढरं. गुडघे दुमडले. बोटं आपली राहिली नाहीत. आणि सर्वांत भयानक असं काही घडलं: थंडी वाजेनाशी झाली. झोप येऊ लागली, मऊ, मायाळू, मृत्युमधुर झोप. त्या झोपेचंच त्यांना भय वाटलं, आणि त्या भयानं त्यांना पुन्हा ओरडायला लावलं.

तेव्हा पांढऱ्यातून एक हात आला. रापलेला, राकट, दुधाचा वास येणारा हात. त्यानं त्यांची कॉलर धरली, गदगदा हलवलं, गालावर दोन चापट्या दिल्या. ओयुन किंचाळत होती, शिव्या देत होती, रडत होती. शब्दांच्या त्या प्रपातातून द्वारकाबाईंना दोनच शब्द उमजले: ओहिन मिन. माझी लेक.

तंबूत चंपानं त्यांचे पाय उराशी धरले आणि त्या शुद्धीवर येईतो सोडले नाहीत. "तुला काय झालं असतं तर मी कुणाला सांगितलं असतं?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

सकाळी वारा निमाला होता.

"अजून आवडतो का गं ह्यो मुलूख?" चंपानं विचारलं.

"आवडायचा तवा मी त्याला बघितलंच नव्हतं. आता भ्या वाटतं, चंपे. लई भ्या वाटतं."

"मग चल घरला."

पण त्या उठल्या. बाहेर निघालेल्या ओयुनच्या डगल्याचं टोक मुठीत घट्ट धरून त्यांनी दार लोटलं. बाहेर अनंत शुभ्रता, निश्चल, नि:शब्द, निर्निमेष. एक पाऊल. हिम करकरलं. आणखी एक पाऊल. मागे दोघींच्या पावलांची निळसर रांग उमटत गेली; आणि पुढे, दृष्टी पोचेल तिथवर, अस्पर्श, अथांग, पांढरं.