दिव्यांसमोरची एल्सपेथ

दोन हिवाळे एल्सपेथ त्या दिव्यांसमोर बसली. ग्रीनॉक बंदराच्या धक्क्यावरची ती खोली एरवी गारठलेली असे, पण तिचा नवरा लॅखलन दिवे लावायचा आणि तिच्या पापण्या भाजून निघायच्या. त्याने पत्र्याच्या चकतीला भोकं पाडली होती. चकती गरगर फिरली की समोरचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी तारेवर चढायचा आणि पलीकडच्या खोलीतल्या यंत्रात पुन्हा जुळायला हवा होता. तो जुळत नव्हता.

"डोळे मिटू नकोस गं, नुसते खड्डे दिसतात," तो म्हणायचा. ती मिटत नसे.

पुढे तिला सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरांनी दिव्यांपासून लांब राहायला बजावलं. तिने घरी ब्र काढला नाही.

एका दुपारी पलीकडून लॅखलन ओरडतच आला. "दिसलीस! नाक, तोंड, सगळं!" त्याने तिला उचलून गिरकी घेतली. "आता तू बघ. जेसीला बसवतो."

जेसी त्याची बहीण, मासळीवाली. "माझं थोबाड पाठवतोस? तार तुटली तर मला बोल लावू नकोस!"

त्याने एल्सपेथला अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे बसवलं. चकती घरघरू लागली. एल्सपेथपुढे नुसता काळोख होता.

"बघ हं," तो म्हणाला.

"दिसली रे!" ती घाईने म्हणाली. "जेसी हसतेय. किती स्पष्ट!"

 लॅखलन हळूच म्हणाला, "या यंत्रातला दिवा अजून लावलाच नाही मी."

तिने मान खाली घातली.

"कधीपासून दिसत नाहीये?"

"नाताळपासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू थांबला असतास."

"थांबलो असतो," तो म्हणाला, पण ते म्हणायला त्याला वेळ लागला. तेवढ्या वेळात दोघांनाही खरं काय ते कळलं.

"अरे, भाजतेय मी इथं!" पलीकडून जेसी ओरडली. त्याने जाऊन सगळे दिवे विझवले.

त्यानंतर त्याने यंत्राला हात लावला नाही. वसंतात बातमी आली, दुसऱ्याच कुणीतरी लोकांसमोर चेहरा पाठवून दाखवला होता. जेसीने पेपर वाचून दाखवला. लॅखलन खिडकीशी पाठमोरा उभा होता.

"मी कशी दिसत होते, ते तरी सांग," एल्सपेथ म्हणाली.

"काडेपेटीएवढी," तो म्हणाला. "लालसर. केसांची बट कपाळावर..."

त्याने जवळ येऊन ती बट बोटाने मागे सारली.